नमाजाचा जुना गालिचा कसा पारखावा: आधी पाठ, मग रंग, शेवटी नक्षी

नमाजाचा जुना गालिचा समोर उलगडला की नजर आधी कमानीवर जाते. मग त्यातला दिवा दिसतो, खांब दिसतात, ट्यूलिपची फुलं दिसतात आणि मन तिथेच अडकतं. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून या लेखातला क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी गालिच्याची पाठ बघायची, मग लोकर आणि रंग, आणि नक्षीकडे त्यानंतर वळायचं. नक्षीची नक्कल करता येते. तुर्कीतल्या गॉर्देस गावच्या कमानी तिथल्याच कायसेरी शहराच्या मागांवर उतरल्या आणि पुढे रोमानियातल्या नकलाकारांच्या हातीही लागल्या. पण गाठ कशी मारायची, दोन ओळींमध्ये आडवा धागा किती वेळा फिरवायचा, कड कशी आवळायची, या त्या त्या गावच्या हाताच्या सवयी असतात आणि त्या सहजी सुटत नाहीत.

लेखाचा भर अनातोलियावर, म्हणजे आजच्या तुर्कीच्या आशियाई भागावर आहे, कारण या प्रकारातली सर्वांत मोठी परंपरा तिथली. कॉकेशस, म्हणजे काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधला डोंगराळ प्रदेश, आणि बलुच लोक यांच्या गालिच्यांचीही ओळख करून दिली आहे.

पायरी १: हा नमाजाचाच गालिचा आहे का?

नमाजासाठी जागा स्वच्छ हवी. खाली गालिचाच हवा असं बंधन नाही, चटई किंवा साधं कापडही चालतं. गालिचा ती जागा आखून देतो. म्हणून त्याचं माप माणसाच्या शरीराचं असतं: साधारण साडेतीन ते चार फूट रुंद आणि पाच ते सहा फूट लांब. एका माणसाला उभं राहायला, गुडघे टेकायला आणि कपाळ जमिनीला लावायला एवढं पुरतं. एका टोकाला कमान असते, मशिदीच्या भिंतीतल्या मेहराबची. कमानीचं टोक मक्केकडे करून गालिचा अंथरतात, महाराष्ट्रात म्हणजे पश्चिमेकडे. त्यामुळे नक्षीला वर-खाली असते. चारी बाजूंनी सारखी नक्षी असेल तर तो बहुधा दुसऱ्या कामाचा गालिचा.

इथे दोन ठिकाणी गल्लत होते. शेजारी शेजारी अनेक कमानी असलेला लांबट गालिचा म्हणजे 'सफ', ओळीने नमाज पढणाऱ्यांसाठीचा. असे सफ अनातोलियातल्या उशाकमध्ये विणले गेले, मध्य आशियातल्या खोतानमध्ये आणि आपल्या दख्खनमध्येही. दुसरा प्रकार मध्य आशियातल्या तुर्कमेन लोकांचा 'एन्सी'. त्याची जमीन मोठ्या फुलीने चार भागांत वाटलेली असते आणि वरच्या बाजूला कधी कधी छोटीशी कमान असते. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं 'बुखाऱ्याचा नमाजाचा गालिचा' म्हणून विकला. खरं तर तो तंबूच्या दारावर टांगायचा पडदा. सुंदर असतो, पण त्याला त्याच्या नावाने ओळखावं आणि त्याच नावाने घ्यावं.

पायरी २: गालिचा उलटा करा

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बघा. दुकानातले पिवळे दिवे लाल रंग खुलवतात आणि पडलेले डाग लपवतात. बरोबर भिंग, मोजपट्टी आणि पांढरा सुती रुमाल असू द्या.

सर्वांत आधी तो हाताने विणलेला आहे याची खात्री करा. हाताच्या गाठींच्या गालिच्यात समोरची नक्षी पाठीवर तितकीच स्पष्ट उमटते. टोकाच्या दशा म्हणजे ताण्याचेच, मागावरचे उभे धागे असतात, ते गालिच्याच्या आतून येतात. दशांची पट्टी वेगळी शिवलेली असेल तर एकतर गालिचा यंत्रावरचा आहे किंवा टोक झिजल्यावर कोणीतरी ती लावली आहे. दुसऱ्या शक्यतेत गैर काही नाही, पण विकणाऱ्याने ते आपणहून सांगायला हवं.

आता लव, म्हणजे वर आलेली लोकरीची टोकं, दोन्ही अंगठ्यांनी बाजूला सारा आणि गाठीच्या मुळाशी बघा. लोकरीचा धागा ताण्याच्या दोन्ही धाग्यांना वेढून दोघांच्या मधून एकत्र वर येत असेल तर ती सममित गाठ. एकाच धाग्याला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याच्या नुसतं मागून जाणं असेल तर असममित. अनातोलिया आणि कॉकेशसमध्ये सममित गाठ चालते. इराणच्या बहुतेक शहरांत, बलुच लोकांत आणि भारतात असममित. या दोन गाठींना गॉर्देस आणि सेन्ने या गावांची नावं पडली आहेत, पण सेन्ने म्हणजे इराणमधल्या सनंदजचे विणकर स्वतः सममित गाठ मारतात. नावावरून गाव ठरवू नका, मुळाशी बघा. मुंबईत 'जुना तुर्की' म्हणून दाखवलेल्या कमानीच्या गालिच्याला असममित गाठ आणि एकसारखा, गिरणीत कातलेला पांढरा सुती ताणा असेल, तर तो काश्मीर किंवा आग्र्याचा असण्याची शक्यता जास्त. काश्मिरी गालिचा उत्तमच असतो, पण त्याची किंमत वेगळी आणि वयही वेगळं.

गाठी मोजताना पाठीवर एक इंच आडव्या आणि एक इंच उभ्या मोजून गुणाकार करा. सममित गाठीचे पाठीवर शेजारी शेजारी दोन उंचवटे दिसतात, ते दोन गाठी म्हणून मोजले तर आकडा दुप्पट होतो. एकाच रंगाचा सर्वांत लहान ठिपका शोधा, एक गाठ केवढी ते तिथे कळतं. आणि या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. 'गाठी जास्त तेवढा गालिचा भारी' हा हिशेब तुर्कीतल्या हेरेके गावच्या रेशमी गालिच्यांना लागू पडेल. गावातल्या मागावर विणलेल्या लादिक किंवा मिलासला तो लावणं चुकीचं आहे. त्यांची लव जाडसर असते, नक्षी ठसठशीत असते आणि तेवढ्या गाठी तिला पुरतात.

मग ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे बघा. अनातोलियाच्या गावांतल्या जुन्या गालिच्यांत दोन्ही बहुधा लोकरीचे असतात. धागा हातचा कातलेला, कुठे जाड कुठे बारीक. लादिकमध्ये बाणा अनेकदा लाल रंगवलेला दिसतो. गॉर्देसमध्ये बाण्यात सूत येतं, पांढऱ्या रंगासाठी कधी कधी लवेतसुद्धा सूत वापरलेलं असतं. गॉर्देसच्या नकला कायसेरी आणि बांदर्मात झाल्या, त्यांत सुती ताणा सर्रास दिसतो आणि चमक आणलेलं सूत रेशीम म्हणून खपवलं जातं.

शेवटी लवेवरून हात फिरवा. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने खरखरीत लागेल. गुळगुळीत दिशा ज्या टोकाकडे जाते त्या टोकापासून विणकाम सुरू झालं. अनातोलियातले नमाजाचे कितीतरी गालिचे कमानीच्या टोकाकडून विणायला घेतलेले आहेत, म्हणजे मागावर कमान उलटी. वीण कमानीपासून सुरू केली की टोक नेमकं साधता येतं, आणि जागा कमी पडली तर तडजोड खालच्या बाजूला करता येते. मला या बारकाव्यातून मागासमोर बसलेल्या बाईची आखणी दिसते. हे गालिचे गावोगावी बहुतेक बायकांनीच विणले.

पायरी ३: लोकर आणि रंग

चांगली जुनी लोकर हाताला किंचित तेलकट लागते आणि तिरप्या उजेडात आतून चमकते. वरवर फासलेली चमक डोळ्यात खुपते. ती रासायनिक धुलाईची असते.

रंगासाठी काही तारखा लक्षात ठेवा. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली निघाला. त्यानंतर काही वर्षांतच भडक गुलाबी-जांभळा फुक्सिन आला आणि पूर्वेकडच्या रंगाऱ्यांपर्यंत पोहोचला. मंजिष्ठेतला लाल रंग १८६९ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला, कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली. म्हणून १८५० पूर्वीच्या म्हणवल्या जाणाऱ्या गालिच्यात फुक्सिन सापडला तर ते वय खोटं.

तो ओळखायचा कसा? लव उघडा. टोकाशी राखाडी किंवा मळकट तपकिरी आणि मुळाशी झगझगीत जांभळा-गुलाबी असेल तर तो फुक्सिन. उजेडाने तो वरून पार उडतो. वनस्पतींचे रंगही फिके पडतात, पण मूळ आणि टोक एकाच रंगाच्या दोन छटा राहतात. मंजिष्ठेचा लाल विटकरी किंवा डाळिंबी होतो, निळीचा निळा क्वचितच दगा देतो. ओलसर पांढरा रुमाल लाल रंगावर हलकेच दाबून बघा. रुमालाला रंग लागला तर सावध व्हा.

काळ्या आणि गडद तपकिरी रंगाची गोष्ट वेगळी. तो पक्का करायला लोह वापरत आणि लोहाने लोकर कालांतराने खाल्ली जाते. जुन्या गालिच्यात बाह्यरेषा झिजून खोल गेलेल्या असतात आणि आजूबाजूचे रंग कोरीवकामासारखे वर उचललेले दिसतात. बोट फिरवलं तरी जाणवतं. हे दोष नाहीत, वयाच्या खुणा आहेत. नकलाकार या जागी कात्री चालवतात, पण कात्रीने कापलेली लव सपाट आणि टोकाला बोथट असते, झिजलेली निमुळती. भिंगाखाली फरक लगेच कळतो.

एकाच निळ्या पट्ट्यात मध्येच आडवी फिकट रेघ दिसली तर बिचकू नका. एका खेपेत रंगवलेला धागा संपला आणि दुसऱ्या खेपेतला लागला, एवढंच. गावच्या गालिच्यांचा हा स्वभाव आहे आणि मला तरी तो सपाट रंगापेक्षा जास्त जिवंत वाटतो.

पायरी ४: आता नक्षी

कमानीत लटकणाऱ्या दिव्यामागे कुराणातल्या 'नूर' सूरेची ३५वी आयत आहे. ईश्वराचा प्रकाश म्हणजे कोनाड्यात ठेवलेला दिवा, अशी तिच्यातली प्रतिमा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या उस्मानी, म्हणजे ऑटोमन दरबारी गालिच्यांत ती थेट उतरली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेम्स बॅलार्ड यांनी १९२२ साली दिलेला असा एक गालिचा आहे: तीन कमानी, जोडीजोडीने उभे नाजूक खांब, मधल्या कमानीत दिवा. पुढची दोन-तीनशे वर्षं अनातोलियाची गावं याच नमुन्याचे पडसाद विणत राहिली. गावात आल्यावर दिव्याची फुलदाणी झाली, कधी वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, चंबू झाला. खांब जमिनीपासून सुटले, त्यांच्या नुसत्या पट्ट्या झाल्या. ही घसरण आहे असं म्हणणारे जाणकार आहेत, मी त्यांच्यातला नाही. दरबारी कागदावरची नक्षी जेव्हा आठवणीतून विणली जाते तेव्हा तिच्यात त्या गावाचा हात उतरतो.

गावं ओळखायची ती अशी.

गॉर्देसची कमान घोड्याच्या नालासारखी गोलाई घेते, खांद्यांजवळ आत येते. तिच्या वर आणि खाली आडवे पट्टे, काठ बारीक नक्षीने भरलेले. १९०० च्या सुमारास अमेरिकी संग्राहकांनी यांना डोक्यावर घेतलं आणि म्हणूनच नकला सर्वाधिक याच्याच झाल्या. गॉर्देस दिसला की पायरी २ पुन्हा करा.

शेजारच्या कुलाचे काठ म्हणजे अरुंद पट्ट्यांची रांगच. जमीन बहुधा शांत: फिकट निळी, मधाळ, गव्हाळ. एका प्रकारात झाड आणि छोटं घर एकाआड एक रचलेलं असतं, त्याला 'मजारलिक', म्हणजे कबरस्तानाचा कुला म्हणतात. तो मृताच्या स्मरणार्थच विणत असा अर्थ अनेक जण काढतात, पण नुसतं नाव हा काही पुरावा नव्हे.

कोन्या प्रांतातला लादिक माझा सर्वांत आवडता. कमानीच्या वर किंवा खाली एका आडव्या पट्ट्यात लांब देठांच्या ट्यूलिपची रांग, अनेकदा फुलं खाली तोंड करून. लाल आणि निळ्या रंगाची अशी जोडी इतर गावांत सापडत नाही. फुलं उलटी का? गालिचा ज्या टोकाने विणला त्याचा संबंध इथे लावून बघा. मागावर बसलेल्या बाईच्या नजरेला ती बऱ्याचदा सरळच दिसत होती.

मिलास समुद्राकडचं गाव. त्याची कमान माथ्याशी एकदम आवळते आणि वर चौकट तिरकी उभी केल्यासारखा आकार होतो. विटकरी लाल जमीन, पिवळ्याचा सढळ वापर. मुजुरची कमान पायऱ्यापायऱ्यांची आणि काठात फरशीसारखे चौकोन, प्रत्येकाचा रंग वेगळा. बेर्गामाच्या बाजूला जुनी एक नक्षी दिसते: जमिनीच्या खालच्या बाजूने किल्लीच्या भोकासारखा आकार आत घुसलेला. जेंतिले बेल्लिनी या व्हेनिसच्या चित्रकाराच्या चित्रात असा गालिचा आहे, म्हणून या घराण्याला 'बेल्लिनी' गालिचे म्हणतात.

कॉकेशसमध्ये कमान कोनदार होते. उंच, फिकट जमिनीवर फुलांची जाळी विणलेले दागिस्तानी आणि शिरवानी गालिचे, गडद किंवा हस्तिदंती जमिनीवर कोयऱ्यांच्या ओळी असलेले मरासाली. काही ठिकाणी कमानीच्या दोन्ही बाजूंना हाताचे पंजे असतात, सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला लावताना, हात टेकायची जागा. बलुच गालिच्यांत कमान चौकोनी डोक्याची, जमीन उंटाच्या रंगाची, मधोमध कोनदार पानांचं झाड, आणि दोन्ही टोकांना नक्षीदार सपाट विणकाम. हे सपाट टोक शाबूत असेल तर गालिच्याचं मोल वाढतं, कारण सर्वांत आधी तेच झिजतं.

नक्षीविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. १६१० साली उस्मानी दरबारातून अनातोलियातल्या कुताह्या शहराला फर्मान गेलं: मेहराब, काबा किंवा पवित्र मजकूर असलेले गालिचे परधर्मीयांना विकायचे नाहीत. आणि त्याच शतकातले कमानीचे गालिचे आज रोमानियातल्या ट्रान्सिल्वेनियाच्या लुथरन चर्चमध्ये टांगलेले आहेत. ब्राशोवच्या ब्लॅक चर्चमध्ये अनातोलियाचे शंभराहून जास्त जुने गालिचे आहेत. विणल्या जागेपासून इतक्या दूर, पण पायाखाली न आल्यामुळे रंग उत्तम राहिलेले.

पायरी ५: विणलेली तारीख

काही गालिच्यांत, विशेषतः कॉकेशसच्या, हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतला सन विणलेला असतो. इसवी सन काढायला हिजरी सनातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा. १३११ मधून ३९ गेले की १२७२, अधिक ६२२ म्हणजे १८९४. एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

पण तारखेवर डोळे मिटून विश्वास नको. अरबी लिपीतला तीनचा आकडा दोनच्या आकड्याला एक दाता जास्त लावलेला असतो. मोजक्या गाठी उपटून तेवढ्या पुन्हा मारल्या की १३११ चे १२११ होतात आणि गालिचा एका दुपारीत शंभर वर्षांनी म्हातारा होतो. त्या आकड्याच्या मागे पाठीवर भिंग धरा. नव्या गाठी जरा फुगीर असतात, रंगही आजूबाजूशी पुरता जुळत नाही. शिवाय लिहिता न येणाऱ्या बायका नमुना बघून आकडे विणत, त्यामुळे ते कधी आरशातल्यासारखे उलटेही येतात. उलटा आकडा म्हणून गालिचा खोटा ठरत नाही.

पायरी ६: झीज आणि डागडुजी

वापरलेला गालिचा ठरावीक जागी झिजतो: खालच्या अर्ध्या भागात पाय आणि गुडघे टेकतात तिथे, आणि कमानीच्या माथ्याजवळ कपाळ टेकतं तिथे. झीज सगळीकडे सारखी असेल, किंवा झीज आहे आणि कडा मात्र कोऱ्या, तर शंका घ्या. नव्या गालिच्याला जुनं करायला क्लोरीन, चहाचं पाणी, कडक ऊन, अगदी आगीची झळसुद्धा वापरतात. विसाव्या शतकात रोमानियाच्या थेओडोर टुडुक याने केलेल्या नकलांनी म्युझियमवाल्यांनाही चकवलं होतं.

गालिचा उजेडासमोर धरा, विरलेल्या जागा आणि रफू दिसतील. पाठीवर हात फिरवा, ताठर जागा म्हणजे रफू किंवा डिंकाने चिकटवलेलं ठिगळ. सुती ताण्याचा गालिचा असेल तर कोपरा हलकेच वाकवून कानाजवळ न्या. कडकड आवाज आला तर सूत आतून कुजलं आहे आणि अशा गालिच्याला वाचवणं कठीण. काठ कापून आखूड केला आहे का तेही बघा: चारही बाजूंचे काठ जुळतात का, कोपऱ्यावर नक्षी मध्येच तुटते का.

नीट केलेली, सांगून दाखवलेली रफू मला अजिबात खटकत नाही. लपवलेली खटकते.

पायरी ७: आपल्या हवेत जपणूक

कोकण, गोवा आणि मुंबईच्या पावसाळ्यात लोकरीचे दोन शत्रू: बुरशी आणि कसर. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला टेकून गालिचा ठेवू नका, पावसाळ्यात खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र लावता आलं तर उत्तम.

कसर अंधारात आणि न हलवलेल्या जागी वाढते, म्हणून कपाटाखालचा कोपरा आधी जातो. महिन्यातून एकदा गालिचा उलटा करून दोन्ही बाजूंनी कमी ओढीच्या व्हॅक्यूमने साफ करा. फिरता ब्रश लावू नका, नळीच्या तोंडावर जाळी बांधा, दशांपासून लांब राहा. गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने बदडणं जुन्या गालिच्याला सोसत नाही.

कसर लागलीच तर गालिचा गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर हवेतलं पाणी जमेल. डांबराच्या गोळ्या लोकरीला चिकटून ठेवू नका. वासाने घरातल्या माणसांनाही त्रास होतो.

धुणं घरी करू नका आणि ड्रायक्लीनरकडेही देऊ नका. रंग सुटतो की नाही हे ज्याला तपासता येतं आणि जो ते तुमच्यासमोर तपासतो, त्यालाच द्या.

ठेवायचा असेल तर घडी नको. जाड नळीवर, लव बाहेरच्या बाजूला येईल असा गुंडाळा, वर धुतलेलं मांजरपाट लपेटा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा अडकतो. भिंतीवर लावताना ताण्याचे धागे उभे राहतील असा, वरच्या काठाला कापडी नेफा शिवून त्यातून दांडी घालून लावा. खिळे आणि थेट ऊन टाळा. आणि जमिनीवर अंथरलाच तर चपला-बूट घालून त्यावरून चालू नका. कोणीतरी तिथे कपाळ टेकलं आहे.

पायरी ८: कागदपत्रं

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार भारतात शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणारे मराठी लोक घरचा जुना गालिचा सामानात घालून नेतात, तेव्हा विमानतळावर अडचण येऊ शकते. गालिचा शंभर वर्षांच्या आतला असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधीच घ्या. तुर्कीतूनही जुने गालिचे बाहेर न्यायला मनाई आहे. तिथे नवा गालिचा घेतला तरी दुकानदाराकडून वय लिहिलेलं बिल घ्या आणि जुनाट दिसणारा असेल तर म्युझियमचा दाखला मागा.

बिलावर गाव, अंदाजे काळ, माप, ताणा-बाण्याचा धागा आणि केलेली डागडुजी लिहून घ्या. 'जुना तुर्की गालिचा' एवढंच लिहिलेलं बिल परत करा. पुढून, पाठीकडून आणि एका कोपऱ्याचा जवळून, असे फोटो काढून बिलासोबत ठेवा. पाठीचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा, म्हणजे गाठी नंतरही मोजता येतील.